सोसायटीचं पावसाचं पाणी: बोअरमध्ये सोडायचं की रस्त्यावर?

बीविंग_सेक्रेटरी

नमस्कार मंडळी. पुण्यात वडगाव-धायरी पट्ट्यात आमची सोसायटी आहे. प्लॉट साधारण ३० गुंठे, तीन विंग, ४८ फ्लॅट, बी विंगखाली बेसमेंट पार्किंग. मार्च उजाडला की टँकर सुरू होतात आणि जुलैत बेसमेंटमध्ये पोटरीभर पाणी. गेल्या वर्षी दोन गाड्या बंद पडल्या, विमा कंपनीने हात वर केले आणि मीटिंगमध्ये सगळे माझ्या अंगावर आले.

आता एका कंत्राटदाराने कोटेशन दिलंय. तिन्ही गच्च्यांचं आणि पार्किंगचंही पाणी एकत्र करून मागच्या बोअरमध्ये सोडायचं, रु. २ लाख ४० हजार अधिक जीएसटी. मागची बोअर ४५० फूट आहे, बरीच वर्षं कोरडी. गेटजवळची ३२० फूट, ती फेब्रुवारीपर्यंत चालते. कमिटीतल्या एका काकांचं म्हणणं, हे सगळे चोचले आहेत. सगळीकडे पेव्हर ब्लॉक टाका, उतार गेटकडे द्या, पाणी रस्त्यावर जाऊ द्या, विषय संपला. तिन्ही गच्च्या मिळून १००० चौरस मीटर भरतील.

पाऊस तोंडावर आलाय. रविवारी जनरल बॉडी आहे. जाणकारांनी कृपया सांगा, कोटेशनला हो म्हणू की नको?

पुणेरी_कट्टा

मिळकतकर आपण भरायचा, पावसाळी गटारं साफ करायची त्यांनी, आणि आता पाणीही आपणच जिरवायचं? नाले बुजवून ज्यांनी इमारती बांधल्या त्यांना विचारा आधी. काकांचं बरोबर आहे. सोडा रस्त्यावर.

मांजऱ्या_खडक

सेक्रेटरीसाहेब, कोटेशनवर सही करू नका. निदान रविवारी तरी नको. मी भूशास्त्राची, पुण्यात आणि आसपास बोअरच्या जागा दाखवणं आणि नंतर "ताई, पाणी का नाही लागलं" हे ऐकणं हाच माझा व्यवसाय. त्यामुळे जरा लांबड लागेल.

आधी एक हिशोब करा. १ चौरस मीटर गच्चीवर १ मिलिमीटर पाऊस म्हणजे १ लिटर पाणी. तुमची गच्ची १००० चौ.मी., म्हणजे १ मिमीला १००० लिटर. पुण्यात वर्षाला सरासरी ७०० मिमीच्या वर पाऊस पडतो. सुकणं, उडणं, पहिल्या पावसाचं घाण पाणी सोडून देणं हे वजा करून ८० टक्के धरा, तरी साडेपाच लाख लिटर. दहा हजारी टँकर लावलेत तर ५५ टँकर. एवढं ऐकलं की लोक हरखून जातात आणि कंत्राटदार कोटेशन काढतो.

पण हे पाणी वर्षभर थेंब थेंब येत नाही. दुपारी चारला आभाळ भरून येतं आणि तासाभरात ५० मिमी कोसळतो. म्हणजे तासाला ५० हजार लिटर, सेकंदाला जवळपास १४ लिटर, आणि ही फक्त गच्ची. आता तुमची बोअर बघा. साडेसहा इंची बोअरमध्ये मीटरला २१ लिटर पाणी मावतं. ४५० फूट म्हणजे १३७ मीटर. तळापासून तोंडापर्यंत भरली तरी ३ हजार लिटर. सेकंदाला १४ लिटर आलं तर साडेतीन मिनिटांत भरली, पुढचं पाणी तोंडातून बाहेर. खडकाने ओढून घेतलं तर गोष्ट वेगळी, पण ओढतो का, हे कोटेशनमध्ये कुठेच नसतं.

तुमची मागची बोअर कोरडी आहे. का कोरडी आहे? एक शक्यता, वरच्या भेगांत पाणी होतं ते उपसलं गेलं. दुसरी, मुळात भेगाच नाहीत, अखंड काळा कातळ. दुसरं असेल तर ज्या वाटेने पाणी आत आलं नाही त्या वाटेने बाहेर जाणार कसं? "कोरडी बोअर आहे ना, मग त्यातच सोडू" हे मी इतक्या सोसायट्यांमध्ये ऐकलंय की आता हसूही येत नाही. पाणी लागलेली, उन्हाळ्यात खाली जाणारी बोअर हीच पुनर्भरणाला चांगली.

यावर उपाय साधा. टँकर मागवा. पाच हजार लिटरचा पुरे. आधी दोरीला वजन बांधून बोअरमध्ये पाणी किती फुटांवर आहे ते मोजा (पंप असेल तर मोटरवाल्याला बोलवा, दोरी अडकली तर नवा खर्च), मग टँकर हळूहळू ओता, मध्येमध्ये पातळी मोजत राहा, संपल्यावर किती वेळात खाली जाते ते बघा. दोन्ही बोअरची करा. पातळी झर्रकन खाली गेली तर खडक घेतोय, तासाभरात दोन-चार फूटच हलली तर ती बोअर पुनर्भरणाच्या यादीतून काढून टाका.

पार्किंगचं पाणी बोअरमध्ये अजिबात नाही. कितीही फिल्टर लावतो म्हणाला तरी नाही. ऑइल, गाड्या धुतल्याचा साबण, पेस्ट कंट्रोलचं औषध, कुत्र्या-मांजरांची घाण हे सगळं तिथे असतं. मातीतून झिरपत जाणारं पाणी वाटेत थोडंफार गाळलं जातं. बोअरमधून सोडलेलं थेट भेगेत जातं आणि ती भेग शेजारच्या सोसायटीच्या बोअरलाही लागू शकते.

बेसमेंटचं सांगते. तुमच्या भागात वर माती, मग मुरूम, मग कच्चा खडक आणि खाली पक्का. पाणी मुरमातून उतरतं, पक्क्या खडकावर अडतं आणि आडवं पळायला लागतं. बिल्डरने बेसमेंटसाठी नेमका मुरूम खोदून खडकापर्यंत खड्डा केलाय. म्हणजे तुमच्याकडे बी विंगखाली एक चौकोनी विहीर आहे, तिच्यात गाड्या लावता इतकंच. आजूबाजूचं पाणी तिथे येणारच. बेसमेंटच्या भिंतीला लागून शोषखड्डा केलात तर पाणी फेरफटका मारून आतच येईल. काही सोसायट्यांत नेमकं हेच करून ठेवलेलं असतं आणि मग वॉटरप्रूफिंगवाल्याला शिव्या बसतात.

आता तपासण्यासारखी पहिली गोष्ट, आणि ही फुकट आहे. एका कोरड्या दिवशी प्रत्येक गच्चीवर दोन बादल्या पाण्यात नीळ कालवून पन्हाळीच्या तोंडाशी ओता आणि खाली सगळ्या चेंबरची झाकणं उघडून कुणीतरी उभं राहा. निळं पाणी कुठे येतं ते बघा. पावसाळी गटारात आलं तर ठीक. ड्रेनेजच्या, म्हणजे संडास-बाथरूमच्या लाइनीत आलं तर तुमच्या जुलैच्या दुखण्याचा अर्धा भाग तिथेच सापडला. ती लाइन रोजच्या सांडपाण्यापुरती असते. तिच्यात गच्ची ओतली की ती तुंबते आणि सगळ्यात खालच्या तोंडातून वर येते. सगळ्यात खाली कोण? बेसमेंट.

नीळ टाकून कळवा, मग पुढचं बोलू.

बीविंग_सेक्रेटरी

ताई, मनापासून आभार. एवढं आम्हाला कुणी सांगितलंच नव्हतं. उद्याच नीळ टाकतो.

दादर_ते_कुर्ला

मुंबईतून थोडं. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिमी पडला, तो कुठल्याच व्यवस्थेच्या आवाक्यातला नव्हता. पण त्यानंतर चर्चा झाली ती नाल्यांची. जुनी व्यवस्था तासाला २५ मिमीच्या हिशोबाची होती, ब्रिमस्टोवॅड या पावसाळी गटारांच्या प्रकल्पात ती ५० वर न्यायचं ठरलं, पंपिंग स्टेशनं झाली. तरी हिंदमाता भरायचंच, कारण तो खोलगट भाग आणि बाहेर समुद्राला भरती असली की पाणी जाणार कुठे? शेवटी प्रमोद महाजन कला पार्क आणि सेंट झेवियर्स मैदानाखाली मोठ्या टाक्या केल्या. पाणी त्यात धरून ठेवायचं, ओहोटीला सोडायचं. महापालिकेलासुद्धा "थांब जरा" म्हणायला टाकीच बांधावी लागली. रस्त्यावर सोडा म्हणणाऱ्यांनी एवढं लक्षात घ्यावं, रस्ता म्हणजे कुणाचं तरी तळमजल्याचं घर असतं.

पुणेरी_कट्टा

मुंबईची तुलना पुण्याशी नको. आमच्याकडे समुद्र नाही, उतार आहे.

मांजऱ्या_खडक

उतार आहे म्हणूनच, पुणेरीदादा. उतारावरून पाणी जोरात येतं. २५ सप्टेंबर २०१९ ची रात्र आठवा. आंबील ओढ्याला पूर आला, कात्रजपासून सहकारनगर, अरण्येश्वर, दांडेकर पुलापर्यंत. वीसहून जास्त माणसं गेली. ना धरणातून पाणी सोडलेलं, ना नदीचा पूर. डोंगरउतारावर पडलेला पाऊस काही तासांत एका ओढ्यात आला. त्या ओढ्याच्या दोन्ही बाजूंना वर्षानुवर्षं प्रत्येकाने आपापलं पाणी "गेटबाहेर" काढलेलं, पात्र मात्र आवळत गेलेलं. तुमचा नाले बुजवणाऱ्यांवरचा राग शंभर टक्के रास्त आहे. पण नाला अरुंद झालाय हे माहीत असताना त्यात आणखी वेगाने पाणी ढकलणं हे त्याचं उत्तर कसं?

गंमत म्हणजे हाच ओढा पेशवाईत वळवलेला. नानासाहेब पेशव्यांनी त्याचा प्रवाह बदलला, पर्वतीखाली तळं केलं, आणि कात्रजच्या तलावातून दगडी नळाने शहरात हौदांपर्यंत पाणी आणलं. तळ्यातला गणपती आज सारसबागेत आहे, तळं गेलं. तेव्हाच्या पुण्याला कात्रजचं पाणी ओढ्यात येण्याआधी अडवायचं सुचलं होतं.

आणि पाऊस पूर्वीसारखा राहिलेला नाही हा आजी-आजोबांचा सूर म्हणून सोडू नका. इथेच पाषाणला आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेत रॉक्सी कोल आणि सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात मध्य भारतातल्या मोठ्या क्षेत्रावरच्या अतिवृष्टीच्या घटना १९५० ते २०१५ या काळात तिपटीने वाढल्याचं दिसलं होतं. एकूण पाऊस तेवढाच किंवा कमी, पण पडतो तेव्हा ओततो. आपले पाइप, चेंबर, नाले जुन्या पावसाच्या मापाचे.

(सेक्रेटरीसाहेब, तुमच्या बाजूचं आणखी एक. २५ जुलै २०२४ ला सिंहगड रोडला एकतानगरीत पाणी शिरलं तो खडकवासल्याच्या विसर्गाचा प्रकार, मुठेचा. तुमची इमारत निळ्या पूररेषेच्या (नदीच्या पुराचं पाणी कुठवर येतं ते दाखवणारी नकाशावरची रेषा) आत असेल तर मी सांगतेय त्यातल्या कशानेच तो पूर थांबणार नाही. ते आधी नकाशावर बघून घ्या.)

म्युनिकचा_मावळा

मी दहा वर्षं इकडे आहे. इथे सांडपाण्याच्या बिलात पावसाच्या पाण्याचा आकार वेगळा असतो. घराच्या आवारात छत, सिमेंट, फरशी किती चौरस मीटर आणि तिथलं पाणी सार्वजनिक गटारात जातं का, यावर पैसे. जिरवलंत तर कमी. त्यामुळे शेजारपाजारचे लोक स्वतःहून पार्किंगची फरशी उखडून गवताचे जाळीदार ब्लॉक बसवतात. बर्लिनमध्ये तर २०१८ पासून नव्या बांधकामांना गटारात सोडायच्या पावसाच्या पाण्यावर मर्यादा आहे, हेक्टरी सेकंदाला १० लिटर, काही ठिकाणी २. आपल्याकडेही असं बिल लावलं तर काका लोक पेव्हर ब्लॉकचं नाव काढणार नाहीत 😀

मांजऱ्या_खडक

मावळेदादा, कल्पना मला आवडते. हिशोबच करा: ३० गुंठे म्हणजे ३ हजार चौ.मी. बर्लिनच्या नियमाने या सोसायटीला सेकंदाला ३ लिटर सोडता येईल. ५० मिमीच्या तासात तिच्या आवारात सेकंदाला जवळपास ४२ लिटर पडतं. उरलेल्या ३९ ची सोय आवारात करा, असं तो नियम सांगतो.

पण तुमच्या म्युनिकखाली खडी-वाळूचा जाड थर आहे, पाणी ओता आणि विसरा. आमच्याखाली बसाल्ट. थोडा मुरूम, मग कुठे मांजऱ्या (पोकळ्या-ठिपक्यांचा खडक), कुठे गेरूचा थर, कुठे भेगा, कुठे काहीच नाही. शंभर फुटांवर खडक बदलतो. शिवाय ऑगस्टच्या मध्यापर्यंत मुरूम आणि वरचा खडक चांगल्या पावसाच्या वर्षी गच्च भरलेला असतो. तेव्हा जमिनीला "आणखी पी" म्हणून उपयोग नाही. म्हणून पुण्यात जिरवण्याचा खरा मोसम जून-जुलै. पुढे पाणी साठवायचं, वापरायचं आणि हळू सोडायचं. कुठल्याही कोटेशनमध्ये मला हे वाचायला मिळालेलं नाही.

आणि पेव्हर ब्लॉकबद्दल: खाली सिमेंट काँक्रीटचा थर घालून वर ब्लॉक बसवतात. मग फटींतून पाणी जाऊन जाऊन जाणार कुठे? ब्लॉक बसवायचेच असतील तर खाली खडी आणि ग्रिट, काँक्रीट नाही. काकांना एवढं पटवा.

बीविंग_सेक्रेटरी

ताई, रिपोर्ट.

नीळ: ए आणि सी विंगचं पाणी पावसाळी चेंबरमध्ये आलं. बी विंगचं थेट ड्रेनेजच्या चेंबरमध्ये, बेसमेंटच्या रॅम्पशेजारी. वॉचमन ओरडला, "साहेब, निळं संडासात आलं!" कमिटीतले काकाही तिथे होते, गप्प झाले.

टँकर: मागच्या बोअरमध्ये निम्मा टँकर जाताच पाणी तोंडाशी आलं, थांबलो, तासाभरात जेमतेम दोन फूट उतरलं. गेटजवळच्या बोअरमध्ये पाणी १४० फुटांवर होतं. पाच हजार लिटर ओतायला तासभर लावला, पातळी ६० फुटांपर्यंत चढली आणि नंतर भराभर खाली गेली.

आमच्याकडे बोअरच्या पाण्याची जमिनीखाली २५ हजार लिटरची टाकी आहे, तिच्यातून फ्लशची वेगळी लाइन गेली आहे. बेसमेंटमध्ये पाणी उपसायचा पंप आहे, तो पावसाळाभर रस्त्यावर पाणी फेकतो. आता?

मांजऱ्या_खडक

वा! निम्मं काम झालं, आणि खर्च फक्त टँकरचा.

मागची बोअर विसरा. तोंड नीट बंद करा, उघडी ठेवू नका. लहान मुलं असतात. गेटजवळची तासाला साधारण साडेचार हजार लिटर घेते. बसाल्टच्या मानाने हे उत्तम. पण ५० हजारांपुढे हे काहीच नाही, म्हणून मधे टाकी हवी, आणि टाकी तुमच्याकडे आहेच. फ्लशची वेगळी लाइन आहे हे तुम्ही पहिल्या पोस्टमध्ये लिहायला हवं होतं, सगळ्यात मोठं घबाड तेच!

४८ घरांचं फ्लशचं पाणी रोज ५-६ हजार लिटर तरी असेल. गच्चीचं पाणी त्या २५ हजारी टाकीत घ्या. पावसाळ्यात बोअरची मोटर बंदच ठेवा, म्हणजे टाकी चार-पाच दिवसांत रिकामी होते आणि पुढच्या सरीला जागा असते. टाकी भरली की जास्तीचं पाणी गेटजवळच्या बोअरला, तिथूनही ओसंडलं तर बागेत, आणि अगदी शेवटी पावसाळी गटारात. या क्रमाने. कंत्राटदार उलट्या क्रमाने करतात, आधी बोअर. बेसमेंटच्या पंपाचं पाणी स्वच्छ असेल (वास आणि तेलाचा तवंग बघा, बी विंगची लाइन बदलल्यावरच ठरवा) तर तेही रस्त्यावर न फेकता बागेला आणि झाडलोटीला.

बी विंगची पन्हाळ ड्रेनेजमधून काढून पावसाळी लाइनीला जोडणं हे पहिलं काम, पाऊस पडायच्या आत. बाकीचं जुलैत झालं तरी चालेल, हे नाही.

बागेचं. तुमची बाग कर्ब स्टोन लावून रस्त्यापेक्षा उंच केली असणार, सगळ्याच करतात. मग बागेतलंही पाणी पार्किंगमध्ये येतं. बेसमेंटपासून लांबच्या बाजूला दोन-चार ठिकाणी कर्ब तोडा, बाग सहा इंच खोल करा, पार्किंगचं पाणी आत येऊ द्या. माळ्याने काळी माती भरली असेल तर ती फुगून बंद होते. मुरूम आणि खडी मिसळा. दिवसभरात पाणी जिरलं पाहिजे, साचून राहिलं तर डास. टाकीच्या ओव्हरफ्लोलाही बारीक जाळी, डेंग्यूच्या मोसमात महापालिकेची नोटीस येते.

बीविंग_सेक्रेटरी

काकांनीच आता कर्ब तोडायला माणूस बघितलाय. नव्या कोटेशनमध्ये काय काय लिहून घेऊ? आणि मिळकतकरात सवलत मिळते म्हणतात ते खरं का?

मांजऱ्या_खडक

सवलत आहे. सौर, गांडूळखत, पावसाचं पाणी यांपैकी एक असेल तर ५ टक्के, जास्त असतील तर १०. पण प्रकल्प चालू हवा, नुसता कागदावर नको. तसंही ५०० चौ.मी.पासून पुढच्या प्लॉटवर नव्या बांधकामाला ही व्यवस्था बंधनकारक आहे. तुमच्या बिल्डरनेही नकाशावर काहीतरी दाखवलं असेल, मंजूर नकाशा काढून बघा. कुठे खड्डा दाखवलाय आणि तिथे आता काय आहे, हे वाचून करमणूक होईल.

कोटेशनमध्ये: पहिला पाऊस बाहेर सोडायचा व्हॉल्व्ह, तोही हाताने पोचेल अशा उंचीवर. गाळणीचा चेंबर, खडी-वाळूचा, आणि वाळू उपसून धुता येईल इतका मोठा. दोन वर्षांत गाळाने बंद होतो. बोअरला जाणाऱ्या पाइपवर मीटर, म्हणजे किती गेलं ते दिसेल आणि सवलतीच्या वेळी दाखवता येईल. शेवटचे २० टक्के पैसे पहिल्या मोठ्या पावसानंतर, समोर उभं राहून पाहिल्यावर. खडकाबद्दल शंका राहिली तर भूजल सर्वेक्षण यंत्रणेचं कार्यालय पुण्यातच आहे. अक्वाडॅम या भूजलावर काम करणाऱ्या संस्थेनेही शहराखालच्या जलधरांवर (पाणी धरणाऱ्या थरांवर) बराच अभ्यास केलाय. माझं ऐकलं म्हणून नको, त्यांनाही विचारा.

गेटजवळच्या बोअरची पातळी महिन्यातून एकदा वहीत लिहा, विशेषतः ऑगस्टअखेर. पाणी तोंडापासून १५ फुटांच्या आत आलं असेल तर पुनर्भरणाचा व्हॉल्व्ह बंद करा, मोसम संपला.

गच्ची मेच्या मध्याला धुवायची आणि जाळीतला कचरा दर आठवड्याला काढायचा, हे कुणाचं काम ते नाव घालून मिनिट्समध्ये लिहा. आणि फिल्टर चेंबरला कुलूप लावू नका. जुलैत रात्री दोनला पाणी तुंबलं की किल्ली माजी सेक्रेटरींकडे असते, आणि ते गावाला गेलेले असतात.

पुणेरी_कट्टा

सेक्रेटरी, नीळ कुठली वापरली? आमच्याकडेही टाकून बघतो म्हणतो.

बीविंग_सेक्रेटरी

किराणा दुकानातली साधी, दहा रुपयांची. चेंबरपाशी दोन माणसं ठेवा, एकाला सगळी झाकणं बघता येत नाहीत.